माइकवरचा आळ

"आई, तू इथे दिवसभर बोलतेस, मग घरी आमच्याशी का बोलत नाहीस?"

मित्रांनो, हा प्रश्न लेकीने माझ्या तोंडाला तोंड लावून विचारला, त्यामुळे तो बसभर घुमला. मागच्या सीटवरून तिच्या मैत्रिणींनी डिवचलं होतं, "हिंमत असेल तर माइकवर विचार!" आणि अलीकडे तिची हिंमत जरा उतू चालली आहे. प्रवासी खो-खो हसले. आईही हसली. "घरी माझं ऐकतं कोण?" असं म्हणून तिने टाळ्या मिळवल्या आणि मला परत घेतलं. पण माझ्याभोवतीची तिची बोटं गार पडली होती. खरं उत्तर फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

मी सहलीच्या बसमधला एक म्हातारा माइक. माझा जन्म कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने डोक्यावर जाळी बसवली, तिसरीने "हॅलो, हॅलो" म्हणत माझे कान उघडले. मला वाटलं, आता आपण एखाद्या गायिकेच्या हाती पडणार. नशिबात होता घाटरस्ता!

ही बस बाबा चालवतात आणि आई प्रवाशांना देश दाखवते. आमचा देश एवढासा, की नकाशावर त्याचं नाव शेजारच्या देशात लिहावं लागतं. पण डोंगर असे, की देश इस्त्री करून पसरला तर शेजाऱ्यांना सरकून बसावं लागेल. आणि इतिहासाचं तर विचारूच नका. बस पंक्चर होऊन थांबली, तरी तिथे पूर्वी कुणीतरी लढलेलं असतंच. बुरूज, दगडी पूल, जुनी राजधानी, सगळं आई असं सांगायची, की पेंगणारे आजोबासुद्धा खिडकीला नाक लावायचे. "काय गोड आवाज!" लोक म्हणायचे. त्यातला थोडा मान मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचो.

मग आवाज घोगरा झाला. बाबा म्हणाले, "माइक गेला." त्यांनी मला चापट्या मारल्या, सेल बदलले, चिकटपट्टी गुंडाळली. आळ माझ्यावरच राहू दिला आईने. मला राग नाही आला, कारण तिच्या पिशवीत पडल्या पडल्या मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. "आता अजिबात बोलू नका, नाहीतर आवाज कायमचा जाईल." त्यावर ती कुजबुजली होती, "एवढा सीझन जाऊ द्या." तेव्हापासून ती घरी आवाज वाचवते. मीठसुद्धा बोट दाखवून मागते. लेकीला वाटतं, आई आपल्यावर रुसली आहे.

आणि मी? दुसऱ्याचं बोलणं मोठं करण्यात माझा जन्म गेला. माझी स्वतःची बोली एकच, कानात घुसणारी ती "कूंऽऽई"! आई बोलू लागली, की मी जिवाच्या आकांताने किंचाळायचो, थांब गं, थांब! लोक कानांवर हात ठेवायचे आणि शिव्या मला बसायच्या.

लेकीने तो प्रश्न विचारला, त्याच दिवशी बस शेवटच्या ठिकाणी, खिंडीत थांबली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आई सांगत होती, "सैन्य खाली उतरलं. राणी इथे एकटी उभी राहिली. तिने एकदाच मागे वळून पाहिलं आणि..."

आणि काहीच नाही. नुसता श्वास.

"आणि काय? अहो बाई, आणि काय?"

"ऐन राणीच्या वेळीच बरा बंद पडला!"

आईचे ओठ हलत होते. बाबा तरातरा आले. "या डबड्याला आज दरीतच फेकतो!"

"बाबा, थांबा!" लेकीने मला झडप घालून ओढलं. "हॅलो!"

बस दणाणली.

"माइक चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. मग अगदी हळू, "आई?"

तिने मला आईच्या ओठांशी धरलं. मी जाळीच्या भोकाभोकाचा कान केला. एवढं जीव तोडून मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. "डॉक्टरांनी... बोलू नको म्हटलंय... मला वाटलं, सीझनभर... पुरेल." ती कुजबूज शेवटच्या सीटपर्यंत पोहोचली. बाबा म्हणाले, "अगं, मला तरी सांगायचंस!" आईने नुसती मान हलवली. तेवढाही आवाज आता उरला नव्हता. तो परत येईल की नाही, कुणास ठाऊक.

मित्रांनो, यंत्र खरखरलं तर तुम्ही लगेच उघडून बघता. माणूस खरखरू लागलं, तर निदान विचारा तरी!

लेकीने डोळे पुसले आणि मला घट्ट धरलं. "राणी परत आली नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. आता एक सूचना, फक्त आई-बाबांसाठी. बस खाली उतरली, की आधी दवाखाना. आई, तू एक अक्षर बोलायचं नाहीस, मला रागावायलासुद्धा नाही. बाबा, उद्यापासून सुट्टीभर माइक माझ्याकडे. चुकले तर इतिहास मला बघून घेईल. मी विचारत नाहीये, सांगतेय."