शंभर शब्दांची फेरी

मी एक जुना डोंगा आहे, असं म्हटलं की गोष्ट कशी ऐटीत सुरू होते. पण मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मी जुना नाहीच! मला पाण्यात उतरून चारच पावसाळे झालेत. माझ्या अंगाला अजून बिजाच्या लाकडाचा वास येतो. आणि एवढ्याशा आयुष्यात माझ्या वाट्याला असं काही आलंय, की कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय मला!

मूल गावापासून आठ मैलांवर, जंगलाच्या कुशीत एक मोठा तलाव आहे. मधोमध झाडांचं बेट, एका अंगाला हत्तीच्या पाठीसारखा काळा खडक. त्या तलावाच्या काठी, मासे धरणाऱ्या वारलू ढिवराने मला घडवलं. आडव्या पडलेल्या खोडात आधी त्याने मंद जाळ केला, मग जळकं लाकूड वाकसाने तासून काढलं, पुन्हा जाळ, पुन्हा तासणं, असे वीस दिवस. एकही जोड नाही, एकही खिळा नाही. अख्खाच्या अख्खा मी एका लाकडाचा! पाण्यात सोडताना वारलूने माझ्या नाकाला कुंकू लावलं आणि त्याची नात कुंता पहिली माझ्यात चढली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. मला ढकलायचा बांबू तिच्या दुप्पट उंच होता, पण तिने तो असा रेटला की मी सरळ बेटाकडे निघालो. तेव्हापासून आमची जोडी जमली. आम्ही जाळी टाकली, शिंगाडे आणले, पलीकडच्या शेतावर बाया पोहोचवल्या.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात काय झालं, ते ऐका. चोपन्न साल होतं. मूलच्या शाळेचं बालवीर पथक आमच्या तलावावर चार दिवसांच्या मुक्कामाला आलं. बावीस मुलं, खाकी तंबू, शिट्ट्या, दोरखंड, आणि त्यांचे केवळराम मास्तर. हे मास्तर मोठे गमतीचे होते. म्हणाले, "पुस्तकातली इंग्रजी पुस्तकातच राहते बे पोरांनो. चला, डोंग्यात बसून शब्द पाहून येऊ!"

डोंगा न्यायला कुंता उभी होती. मास्तरांनी विचारलं, "कितवीत आहेस बाई?"

"चौथी पास झाली गुरुजी. आता घरीच आहो."

"काऊन? पुढं नाई शिकायचं?"

"शिकायचं आहे ना! पण पुढची शाळा कुठी आहे इथी?"

मग मास्तरांनी सांगितलं, की मूलला मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी आहे. पण पाचवीचं इंग्रजी जूनपासून चालू झालंय, वर्गाचे शंभर शब्द होऊन गेलेत. तेवढे तिला आले तर शाळा तपासणारे डिप्टी साहेब अर्ध्या वर्षात नाव घालू देतील. साहेब चौथ्या दिवशी मुक्काम पाहायला चांद्याहून येणार होते. ती जागा त्यानंतर दुसऱ्या गावच्या मुलीला जाणार होती.

चार दिवस आणि शंभर शब्द! कुंताला तर एकही येत नव्हता. माझ्या नाकाजवळ बसलेला झिंगू, मूलच्या धानगिरणीवाल्याचा मुलगा, फिस्सकन हसला. "काय वं, आता मासोळ्यांसंग इंग्रजीत बोलशील काय?"

"तू बोल ना त्याहीच्यासंग," कुंता म्हणाली. "तुले पोहता तरी येते काय?"

झिंगूने माझा काठ घट्ट धरला!

माझ्यात एका वेळी तीनच मुलं मावत. म्हणून मास्तरांनी रोज दोन फेऱ्या ठरवल्या. काठावरून निघायचं, कमळांतून खडकाकडे, खडकावरून बेटाला वळसा, आणि लव्हाळ्यांतून परत. त्या शंभरांतलं वाटेत जे दिसेल त्याचं नाव मास्तर घेत. "लोटस! रूट! रॉक! नेस्ट! फेदर!" मुलं एका सुरात ओरडत. पाणकोंबड्या भुर्रकन उडत. मध्येच एखादा पोरगा उत्साहाने उभा राहिला की मास्तर खेकसत, "सिट डाऊन!"

आता गंमत पाहा. मुलांच्या वाट्याला एकेकच फेरी, पण बांबू धरणारी कुंता प्रत्येक फेरीला! ती तोंड उघडत नसे. बांबू चिखलात रोवायची, अंगाचा भार टाकायची आणि त्या एका रेट्यात एक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. रेटा, लोटस. रेटा, रूट. मला तर तिचा प्रत्येक शब्द बुडापर्यंत जाणवायचा.

आठव्या फेरीला एकटा झिंगू उरला होता, कारण त्याच्या शेजारी बसायला कोणी तयारच नव्हतं. अर्ध्या वाटेत त्याला शब्द आठवेना. मास्तर डोळे वटारून पाहत होते. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, "वेव्ह." झिंगूने वळून पाहिलं. कुंता निरागसपणे आभाळाकडे बघत होती!

त्याच दुपारी डिप्टी साहेब आले. उंच, चष्मेवाले, पायांत चकचकीत बूट. तंबूत टेबल मांडलं. कुंता नवं लुगडं नेसून समोर उभी राहिली. मी काठाला होतो, पण तंबूचा पडदा वर बांधलेला, म्हणून सगळं दिसत होतं. साहेबांनी वही उघडली आणि मधूनच विचारलं, "पिसाला काय म्हणतात?"

कुंता गप्प.

"बरं, चिखलाला?"

कुंताचे हात नुसतेच हवेत काहीतरी चाचपत होते. "घरट्याला?" पुन्हा तेच. साहेबांनी वही मिटायला घेतली. मित्रांनो, मला पाय असते तर मी धावत तंबूत शिरलो असतो! येत होतं तिला, सगळं येत होतं! पण तिने शब्द पाठ केलेच नव्हते. तिने ते तलावावर ठेवले होते, प्रत्येक रेट्यावर एक. तंबूत ना पाणी, ना बांबू. शब्द यायचे कुठून?

आणि तेव्हा कोण ओरडलं असेल? झिंगू!

"साहेब, हिले इथी नका विचारू! डोंग्यात विचारा! सारं येते तिले. मलेच सांगून राह्यली होती सकाळी!"

मास्तरांनी झिंगूकडे पाहिलं, मग कुंताकडे, आणि त्यांना एकदम उमगलं. "साहेब, एक फेरी मारून पाहता काय?"

साहेब काठावर आले. माझ्यात पाय टाकणार, तोच वारलू हात जोडून आडवा आला. "माफी करा साहेब. डोंग्यात जोडे चालत नाई. आमचं देवघर आहे हे."

साहेबांनी वारलूकडे पाहिलं, मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. एका नाडीला गाठ बसली, ती सोडवता सोडवता त्यांचा चष्मा घसरला. शेवटी बूट निघाले, तर एका मोज्याला भोक आणि त्यातून अंगठा बाहेर! बावीस मुलांनी एकदम तोंडं फिरवली. खांदे मात्र सगळ्यांचे हलत होते.

कुंताने बांबू हातात घेतला, चिखलात रोवला आणि रेटला. "लोटस!"

दुसरा रेटा. "रूट!" तिसरा. "फ्रॉग!"

काय सांगू तुम्हाला! असे शब्द सुटले, असे सुटले, की साहेबांची पेन्सिल मागे पडली. रॉक, नेस्ट, फेदर, शॅडो, आयलंड, ब्रँच! काठावरून मुलं मोजत होती. पन्नास! साठ! ऐंशी! मी तर पाण्यावर तरंगत नव्हतोच, उडत होतो. नव्वद! पंचाण्णव! शहाण्णव!

आणि लव्हाळ्यांपाशी, साहेबांच्या कोपराला लागूनच, फुस्स करून एक मिशाळ डोकं वर आलं. पाणमांजर! साहेब दचकून ताडकन उभे राहिले. मी असा कलंडलो, की माझ्या काठावरून पाणी आत आलं. तिथे पाणी पुरुषभर खोल होतं. मास्तर तर काठावर राहिलेले.

"साहेब!" कुंता कडाडली. "सिट डाऊन!"

आणि चांदा जिल्ह्याचे डिप्टी साहेब खटकन खाली बसले.

कुंताने बांबू रोवून मला सावरलं. एक दम घेतला. मग त्या मिशाळ डोक्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "ऑटर."

सत्त्याण्णव! मग मड, स्टोन, आणि माझं नाक काठाला टेकलं तेव्हा, "शोअर!"

काठावर जो गलका झाला, तो बेटावरच्या माकडांनाही ऐकू गेला असेल. साहेब ओल्या मोज्यांनी उतरले. मास्तर घाबरत म्हणाले, "साहेब, ते सिट डाऊन... ते काही शंभरात नव्हतं. पोरगी आहे, चुकून बोलली."

"चुकून?" साहेब हसले. "अहो, शंभर शब्द सांगितले तिने, ते कोणीही सांगेल. पण तो हुकूम ऐकून मी खाली बसलो ना? याला म्हणतात भाषा येणं! लिहा नाव. सोमवारपासून वर्गात पाहिजे ही."

वारलूने डोक्याचा फेटा काढून डोळे पुसले. झिंगू ओरडला, "डोंगा उचला बे!" आणि बावीस पोरांनी मला पाण्यातून थेट खांद्यावर घेतलं! मी आजवर सगळ्यांना नेलं होतं, मला कधी कोणी नेलं नव्हतं. तंबूभोवती तीन फेऱ्या घातल्या माझ्या. कुंता पुढे बांबू घेऊन, आणि मास्तर मागे शिट्टी वाजवत!

कुंता मूलला गेली. पण खरं सांगतो, पुढचा उन्हाळा मला वाईट गेला. वारलू लेकीकडे वडशाला आजारी पडून राहिला होता. तलाव आटला, मी काठावर उघडा पडलो. ऊन अंग जाळत होतं, आणि एक दिवस माझ्या पाठीत कट् असा आवाज झाला. बोटभर चीर पडली. येणारे-जाणारे माझ्यावर बसून बिड्या ओढायचे, पण पाणी कोणी घालेना.

मे महिन्यात कुंता सुट्टीवर आली. मला पाहून पिशवी तिथेच टाकून धावली. तिने चिरेत राळ भरली, गावची पोरं गोळा केली, मला उरल्यासुरल्या पाण्यात ढकललं आणि आत दगड भरून बुडवून ठेवलं. लाकूड ओलं राहिलं की फुगतं, चीर मिटते. ढिवरांची रीतच आहे ती. पावसाळ्यापर्यंत मी असा गारेगार झोपलो, की विचारू नका! भरल्या तलावात वर आलो तेव्हा पुन्हा धडधाकट.

आता दर सुट्टीत ती असते, मी असतो, आणि माझ्यात गावची तीन-तीन पोरं असतात. ती बांबू रेटते आणि पोरं गळा काढून ओरडतात. तिची फेरी आता दोनशे शब्दांची झाली आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं कराल ना? तुमच्या गावच्या तलावाकाठी एखादा डोंगा उन्हात पडलेला दिसला, तर नुसते त्याच्यावर बसून जाऊ नका. चार जण मिळून त्याला पाण्यात ढकला. पाणी दूर असेल तर चार घागरी त्याच्यावर ओता. तुम्हाला कंटाळा येईल, हात दुखतील, तरी ओता. त्याच्या पोटात अजून कोणाकोणाच्या शाळेची वाट असेल, कोणाला ठाऊक!