शेवटच्या गाण्याआधीचे दोन शब्द

मित्रांनो, जाळीला पोचा आणि मुठीला भेगा पडलेला मी एक म्हातारा माईक आहे. फार दमलो आहे, पण एवढे सांगतो.

कारखान्यात मला गाण्यासाठी घडवले, म्हणून मला कोण तोरा होता! बारामतीच्या दुकानदाराने मात्र मला लग्नांना भाड्याने जुंपले. "वऱ्हाडी मंडळींनी जेवून घ्यावे" हे सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आला. मग पिंपळीच्या रोहिणीने मला विकत घेतले आणि माझ्या जन्माचे सोने झाले.

रोहिणी आणि तिचा भाऊ मानसिंग यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत रॉक बँड काढला. उसाच्या वाळक्या पाल्यावरून त्याचे नाव ठेवले ‘पाचट’. "ह्ये गाणं हाय का भांडान?" असे म्हणून गाव हसले. पुढे तेच गाव पहिल्या रांगेसाठी भांडू लागले. कॅनॉलला पाळीच्या पाण्याचे आवर्तन आल्यावरचे ‘पाणी सुटलं’ हे रोहिणीचे गाणे तर शेंबड्या पोरालाही पाठ होते.

गेल्या वर्षी तिच्या आवाजात खरखर आली. लोक म्हणाले, माईक बिघडला. त्यांनी मला बडवले, हा पोचा तेव्हाचाच. डॉक्टरांनी तिच्या घशात गाठ दाखवली. ऑपरेशननंतर गाता येईलच असे नाही, असेही ते म्हणाले. म्हणून ऑपरेशनआधी निरोपाचा कार्यक्रम ठरला. त्या एका दुपारी गाता यावे, यासाठी रोहिणीने कितीतरी दिवस तोंडातून शब्द काढला नाही.

इंदापूर रस्त्यावरचे मंगल कार्यालय चाहत्यांनी गच्च भरले. आता निरोप म्हटला की सत्कार आलाच. गावागावांहून शाल-श्रीफळ आले होते. सूत्रसंचालक दादासाहेब एकेकाला वर बोलावू लागले.

कोऱ्हाळ्याचा ट्रॅक्टरवाला संभाजी म्हणाला, "तुमची गाणी लावून म्या ऊस वाहिला. ष्टेरिंगवर कधी डुलकी लागली न्हाय." इंदापूरची अनिता म्हणाली, "आई गेली तवा मला रडूच येईना. तुमचं गाणं लागलं आन् बांध फुटला." ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. मलाही भरून आले.

पण प्रत्येक सत्कारानंतर दादासाहेब म्हणत, "रोहिणीताईंनी दोन शब्द बोलावेत." आणि ती बोलायची. एवढ्या मायेला नाही कसे म्हणणार? तिचा आवाज झिजत चालला होता आणि ते माझ्याइतके जवळून कोणाला ऐकू येणार? मी कर्कश शिट्टी मारली. कोणीतरी मला दोन टपल्या मारून गप्प केले.

"दादासाहेब, आदी गाणी घ्या की," मानसिंग कळवळून म्हणाला.

"सत्कार ऱ्हायला तर माणसं रुसत्यात," दादासाहेब म्हणाले.

अखेर गाणी सुरू झाली. पहिले कसेबसे झाले, दुसऱ्यात आवाज चिरकला. ‘पाणी सुटलं’ला ढोल वाजला, गिटार वाजली, रोहिणीने तोंड उघडले आणि नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

संभाजी मटकन खाली बसला. "आमीच संपिवला की वो आवाज," तो म्हणाला.

तेवढ्यात काटेवाडीच्या धोंडाबाई वर आल्या. दुभत्या म्हशी सांभाळणाऱ्या या आजी ‘पाचट’चा एकही कार्यक्रम चुकवत नसत. त्यांच्या हातचा सत्कार तेवढा राहिला होता. त्यांनी शाल रोहिणीच्या गळ्याभोवती लपेटली. "आता दोन शब्दबी नगं पोरी. लई गायलीस आमच्यासाठी. आमी म्हंतो, तू ऐक."

दादासाहेबांनी मला रोहिणीच्या हातातून काढून घेऊ पाहिले, पण तिने सोडले नाही. धोंडाबाईंनी ‘पाणी सुटलं’ बेसूरच सुरू केले, संभाजीने सूर ओढून धरला, आणि सगळे कार्यालय रडत रडत गाऊ लागले.

मित्रांनो, ज्यांना जीव लावता त्यांना आधी त्यांचे काम करू द्या, कौतुक मागून करा. माया करणाऱ्यांनाही दमलेला माणूस ओळखता आला पाहिजे. त्या दिवशी लोक गात होते तेव्हा रोहिणीने सवयीने मला ओठांशी धरले होते. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. मी अगदी समोर होतो, पण माझ्यापर्यंत काहीच आले नाही.