रिकाम्या तिजोरीवरचा दरोडा

हर्शेल पिस्तूल रोखून बँकेत शिरला, तर मॅनेजर टर्लिंग्टन हसतमुखाने सामोरा आला.

"आलात एकदाचे! मला वाटलं, ओक्लाहोमात आमचंच गाव वगळताय की काय."

डेल्फा दारातच थबकली. दोन वर्षं ती आणि तिचा नवरा हर्शेल पेट्रोल पंप, दुकानं, बँका लुटत हिंडत होते. लोक त्यांना पाहून थरथरायचे. असं स्वागत कुणी केलं नव्हतं.

"हात वर!" हर्शेल ओरडला.

"करतो हो. आधी हे बघा." टर्लिंग्टनने तिजोरी उघडली. आत त्याचा जेवणाचा डबा होता, बाकी काही नाही. "लोकांचे पैसे मी तेलविहिरीत घातले. तेल सोडा, पाणीही लागलं नाही. आता तुम्ही नेले म्हटलं की सुटलो."

"म्हणजे चोर तुम्हीच की!" डेल्फा म्हणाली.

"बाई, मी चर्चचा खजिनदार आहे. मला कोण चोर म्हणेल? छताला दोन गोळ्या मारा आणि मला बांधा. जरा बेतानं, सांधे दुखतात."

हर्शेलने अगदी मन लावून त्याला बांधलं. पोती भरलेली दिसावीत म्हणून त्यांत जुनी कॅलेंडरं कोंबून दोघं पळाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: चाळीस हजार डॉलर लंपास. हर्शेलची छाती फुगली.

"एवढा मोठा हात कुणी मारला नव्हता, डेल्फा!"

"आपण तरी कुठे मारलाय? सकाळपासून काय खाल्लंस?"

"कांदा."

"मग कशाला मिरवतोस?"

पोलीस परवडले, पण बुडालेले ठेवीदार भलतेच चिवट निघाले. प्रत्येक वळणावर कुणीतरी बंदूक घेऊन आपली पुंजी मागायला उभं. एका म्हातारीने तर धावत्या गाडीच्या काचेवर इस्त्री भिरकावली. शेवटी पेट्रोल संपलं, तेव्हा डेल्फा नवऱ्याला ओढत शेरीफच्या कचेरीत घेऊन गेली.

"आम्हाला आत टाका, साहेब. आणि कुलूप नीट लावा."

कोर्टात तिने सगळं खरं सांगितलं. टर्लिंग्टन डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत राहिला. न्यायाधीशांनी हर्शेलला विचारलं, "तिजोरी रिकामी होती?"

हर्शेलने मागे पाहिलं. कोर्ट खच्चून भरलेलं, पेपरवाल्यांच्या पेन्सिली तयार. खरं बोलला असता तर सगळे हसले असते.

"रिकामी? वाहून नेताना कंबर मोडली, साहेब!"

डेल्फाने कपाळावर हात मारला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, त्याला पंचवीस.

बाहेर तुरुंगाच्या दोन वेगळ्या गाड्या उभ्या होत्या. "चिडलीस?" त्याने विचारलं.

"तो मॅनेजर घरी जेवायला गेला, हर्शेल! आणि चिडू नको तर काय नाचू?"

"पण लोक उठून उभे राहिले होते गं. पाहिलंस ना?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याच्या कोटाची उलटलेली कॉलर तिने बेड्या घातलेल्या हातांनी सरळ केली. "पाहिलं बाबा," म्हणाली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली.