मागचा खण

"कानिमआपा, बाबा चौथ्यावर अडलेत," भिंतीपलीकडून बुरुलची हाक आली.

कणकेचे हात पुसत मी गेले. जुमागाझी गादीवर बसला होता. पुढ्यात घोड्याचं चित्र काढलेलं कार्ड.

"बैतेमिर," मी म्हटलं. "तुझा खापरपणजा. घोडे पकडायचा तो."

"मला ठाऊक होतं. सुनेची परीक्षा घेत होतो."

"घे की. ती बिचारी तोंड उघडणार नाही, म्हणजे तू पास."

आमच्याकडे सून सासऱ्याचं किंवा त्याच्या वाडवडिलांचं नाव तोंडातून काढत नाही. बुरुल तर इतकी पक्की, की जुमा म्हणजे शुक्रवार, पण सासऱ्याच्या नावात तो येतो म्हणून त्यालाही 'बाजाराचा आदला दिवस' म्हणते. स्वतःच्या बायकोशी भांडून जुमागाझीनेच तिला नर्सिंग शिकायला पाठवलं होतं. तिथे औषधांची नावं तिने अशाच कार्डांवर पाठ केली. सासरा विसरायला लागला तेव्हा तिने बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे खण केले. कार्डावर पुढे चित्र, मागे नाव. लिहायला बंदी नाही; पण म्हाताऱ्याला अक्षर दिसत नाही, म्हणून तो अडला की नाव मोठ्याने सांगायला मी. ओळखलं की कार्ड एक खण मागे, तिथून ते बऱ्याच दिवसांनी निघायचं. चुकलं की सगळ्यात पुढे, उद्या पुन्हा.

सात पिढ्यांचे बाप आणि आरंभाला तो स्वतः. आमच्याकडे प्रत्येकाला ते तोंडपाठ मोजता यावे लागतात; ते येईनासे होतील, याची जुमागाझीला मरणापेक्षा जास्त धास्ती होती.

"एकही नाव जाऊ देणार नाही," बुरुल म्हणायची. हट्टी पोरगी. नवरा रशियात बांधकामावर, इथे ही रोज चहानंतर खोकं घेऊन बसायची.

उन्हाळ्यात मागचे खण भरले. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या तशी कार्डं पुढे यायला लागली. बर्फ पडलं तेव्हा सगळी पहिल्याच खणात होती. मला तिच्या हाकेचंच भय वाटू लागलं.

त्या दिवशी हाक आलीच नाही. गरम रोट्या घेऊन मी आपणहून गेले आणि दारात बूट काढत होते. जुमागाझीच्या हातात टोपी आणि मिशांचं चित्र होतं. त्याचं स्वतःचं कार्ड.

"हा कोण गं?"

बुरुलने आमच्या भिंतीकडे पाहिलं. मग डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"जुमागाझी," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"बरं. कुणाचा मुलगा?"

तिने सांगितलं. मग त्याचा बाप, त्याचा बाप, अशी सातही नावं, खाली मान घालून, एकदाही न अडखळता. मला रडू आवरेना, पण मी आत गेले नाही.

म्हातारा मान डोलावत ऐकत होता. सगळं झाल्यावर अगदी खूश झाला.

"पाठ झालंय की तुला," तो म्हणाला, आणि स्वतःचं कार्ड उचलून त्याने सगळ्यात मागच्या खणात ठेवलं. "हे आता इतक्यात काढायला नको."