साहेबांच्या बाहीवरच्या घड्या

युद्ध सुरू झालं आणि माझ्या आतोबांचा जन्म चुकीच्या देशात झाल्याचं सरकारच्या लक्षात आलं. तोवर ते फक्त वाईट इस्त्री करत, आणि तो काही गुन्हा नव्हता. एका सकाळी त्यांना दुकानातून उचललं आणि गावाबाहेरच्या छावणीत, तारांच्या कुंपणाआड टाकलं.

आत्या छावणीच्या चौकशीच्या खिडकीशी खेटे घालू लागली. माणूस जिवंत आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं. खिडकीतला कारकून सज्जन होता. दर वेळी तो अत्यंत आदबीनं काहीही सांगत नसे, आणि वर हवामानाबद्दल दोन शब्द बोले.

दुकान आता आत्या एकटी चालवी. माझं वर्तमानपत्र सरकारनं बंद पाडल्यामुळे मला वेळच वेळ होता. मी तिथे बसून कपड्यांना उपदेश करत असे.

आतोबांची एक खोड होती. उजव्या हातानं इस्त्री ओढताना डावी बाही त्यांच्या हातून हमखास सरके, आणि तिच्यावर एकीऐवजी दोन घड्या उठत, रुळांसारख्या शेजारी शेजारी. संसारभर आत्यानं त्यावरून त्यांचं डोकं खाल्लं होतं.

एका सोमवारी छावणीचे मोठे साहेब समोरच्या न्हाव्याकडे दाढीला आले. आत्यानं मान वर केली, आणि हातातली इस्त्री कुणाच्या तरी पायजम्यावर तशीच राहिली. साहेबांच्या डाव्या बाहीवर दोन घड्या होत्या.

"ह्यांचंच काम," आत्या हळूच म्हणाली. "इतकं वाईट दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

पायजमा जळाला. तारांआड डांबलेला, बोलायची बंदी असलेला माणूस, आणि त्याची खुशाली साहेबांच्या दंडावर बसून भर रस्त्यानं चालली होती. मी आयुष्यभर मोठ्या लोकांची टिंगल केली, पण त्या बाहीपुढे मी उठून उभा राहिलो.

मग दर सोमवारी सगळी गल्ली दारात येऊन उभी राहू लागली. माणसं श्वास रोखून बाहीकडे बघत. साहेबांना वाटलं, आपला दरारा वाढला. ते जरा छाती काढून चालू लागले.

आणि एका सोमवारी डाव्या बाहीवर एकच घडी आली. सरळ, निर्दोष.

गल्लीत कुणाची मान वर होईना. आत्या मात्र रस्ता ओलांडून गेली. देवळाला घालावी तशी तिनं साहेबांना अर्धी प्रदक्षिणा घातली आणि पलीकडे थांबली. उजव्या बाहीवर दोन घड्या होत्या.

परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"हात बदललाय," ती म्हणाली. "उजव्याला काहीतरी झालंय. पण आहेत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खिडकीशी गेलो. तिनं काहीच विचारलं नाही. मलमाची डबी आणि स्वच्छ फडक्याच्या पट्ट्या आत सरकवल्या. "इस्त्रीवाल्यांच्या उजव्या हाताला लावायला द्या," म्हणाली.

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. "भाजल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या साहेबांनीच," आत्या म्हणाली.

कारकुनानं डबी मुकाट्यानं उचलून आत नेली. हवामानाबद्दल त्या दिवशी तो काही बोलला नाही.