हरल्यावरचे शहाणे

शर्यत हरली की गावात शहाण्यांचं पीक येतं, आणि या पिकाला ना पाऊस लागतो ना खत. १९८३च्या नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यतीत धर्मा तांडेलाची होडी गाळात रुतली, त्याला वर्ष होत आलं होतं. पण बेलापूरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात अजून रोज कुणी ना कुणी ती होडी बाहेरच्या वाटेने नेऊन जिंकत होतं. कुणी चहाच्या टपरीवर बसून, कुणी जाळं विणता विणता.

धोंडूबाईचं टाळकं फिरायचं ते यामुळे. ती धर्माची ना बहीण ना वहिनी. डोक्यावर टोपली घेऊन मासे विकणारी बाई. धक्क्यावर उभं राहून एकवीस वर्षं तिने त्याच्या शर्यती पाहिल्या होत्या, इतकंच. सुकाणूवर तांडेल म्हणून धर्मा, पुढे वल्ही मारणारे दहा जण. वळणावर बाकीच्या होड्या खोल पाण्यातून लांबचा फेरा घ्यायच्या, आणि ह्याची एकट्याची होडी तिवरांच्या झुडपांना घासत आतल्या वाटेने निघायची. ती वाट जेमतेम होडीपुरती. भल्याभल्यांची तिथे छाती व्हायची नाही, आणि धर्मा घरच्या अंगणातून जावं तसा जायचा. एकवीसपैकी चौदा शर्यती त्याने अशाच मारल्या. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा धोंडूबाई धक्क्यावर गेली होती. बायकांनी नावं ठेवली, तिने ठेवू दिली. तेवढा वेळ तिला आपलं दुःख आठवलं नव्हतं.

गेल्या वर्षी धर्मा सगळ्यांच्या पुढे होता. नेहमीसारखा आत वळला आणि निम्म्या वाटेवर होडी बसली ती बसलीच. दहा तगडे गडी कमरेएवढ्या चिखलात उतरून ढकलत होते, आणि बाहेरून चार गावांच्या होड्या ओरडत निघून गेल्या.

तेव्हापासून गावाला कंठ फुटला. त्यात सगळ्यात मोठा शहाणा दत्तू. नव्याने उभ्या राहिलेल्या सीबीडीतल्या कुठल्याशा कचेरीत कारकून लागलेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"पलीकडं नव्या शहरासाठी भराव टाकलाय तर चिखल इकडं सरकनारच ना!" तो म्हणायचा. "शेंबड्या पोराला पन समजलं आसतं. म्हाताऱ्याला सुकानू सोडवत नाय, दुसरं काय?"

शर्यतीच्या दिवशी हाच दत्तू गळ्याच्या शिरा ताणून "आत घाल, धर्मादादा, आत घाल!" म्हणून नाचत होता. धोंडूबाई त्याच्या शेजारीच उभी होती. तिने त्याला टपरीवर चारचौघांत विचारलंही, "दुसऱ्या दिशी तुजा घसा बसला व्हता ना रं? तो काय बाहेरची वाट सांगून बसला?" लोक हसले. दत्तूही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच पुराण. धर्मा सगळं ऐकायचा आणि खाली मान घालून जाळं सांधत राहायचा.

यंदाच्या पौर्णिमेला आठ दिवस राहिले तशी देवळात गावकीची बैठक बसली. सुकाणू धर्माकडे ठेवायचं की गणूकडे द्यायचं, एवढाच प्रश्न. गणू तिशीतला, हाडापेराने मजबूत. धर्मा साठीला टेकलेला. आज हातातून सुटलेलं सुकाणू पुन्हा काही त्याच्या हाती येणार नव्हतं, आणि शर्यतीनंतर गावाचा नारळ दर्याला वाहायचा मानही सुकाणूबरोबरच जायचा.

बायका मागे बसायच्या आणि गप्प बसायच्या. धोंडूबाईच्या मनात मात्र वर्षभर एक गोष्ट डाचत होती. गेल्या वर्षी सणाच्या तीन दिवस आधी ती ओहोटीला आतल्या वाटेवर चिखलातले खुबे-शिंपले वेचायला उतरली होती. जिथे एरवी ओहोटीलाही कमरेइतकं पाणी राहायचं, तिथे घोटाभर होतं. ती चरकली होती. पण गावाची रीत अशी, की होडीची पूजा झाली की शर्यत होईपर्यंत ना होडी पाण्यात, ना तांडेल. त्या दिवसांत तांडेलाला कुणी पाण्याचा शब्द बोलायचा नाही. बोललं की होडी अडते. त्यातून ती बाई, तीही विधवा. आणि खरं सांगायचं तर रीत हे निमित्तच होतं. धर्मादादाला ठाऊक नाही असं पाणी खाडीत असेल, हेच तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

बैठकीत एकेक जण उठला आणि आपण आधीच कसं ओळखलं होतं ते सांगू लागला. पाचवा उठला तेव्हा धोंडूबाईला राहवलं नाही. पदर खोचून ती उभी राहिली.

"खोटं बोलता समदे! कोनाला काय ठावं नव्हतं. ठावं व्हतं ते एकल्या मना. मी खुबे येचायला गेलते, घोटाभर पानी बगितलं, आन रीत म्हनून गप ऱ्हायले. चूक माजी हाय. त्यांचं सुकानू काडू नका."

दत्तू मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! खुबे येचनाऱ्या बाईला समजलं, आन तांडेलाला नाय समजलं. आता आजून काय पायजे?"

खरंच, आणखी काही लागलं नाही. वर्षभर नुसत्या गप्पा होत्या, आता साक्षीदार मिळाला होता. सुकाणू गणूला गेलं.

माणसं पांगली. धोंडूबाई खांबाला टेकून तशीच उभी होती. धर्मा तिच्यापाशी आला.

"घोटाभर?" त्याने विचारलं.

"हां. मना वाटलं, तुमाला ठावं आसंल. तुमाला समदंच ठावं आसतं."

"पूजा झाल्यावर मी कुटं गेलतो पान्यात?" धर्मा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "सांगायचं गो, धोंडू. मी आयकलं आसतं."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. तो ऐकणाऱ्यातला होता. एकवीस वर्षं त्याला पाहूनही हे तिला कधी कळलं नव्हतं. कळलं ते आता, सगळं होऊन गेल्यावर, दत्तूला कळलं तसंच.