उशाशी ठेवलेला माइक

सासूबाईंची बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्यांना कायमचं नणंदेकडे पाठवायचं, असं यांनी ठरवलं होतं. छातीत धडधडतं, अशी सासूबाईंची वर्षभर तक्रार. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही. मग "आईला माझ्या गाण्यांचंच वावडं आहे," असं म्हणून यांनी विषय संपवला. समोर यांचे दोन उंच स्पीकर, हॉलच्या मधोमध यांची खुर्ची, मागच्या कोपऱ्यात सासूबाईंचा पलंग. दोघांच्या मधे मी. कुणाची बाजू घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

यांचं दुखणं निराळंच. खुर्चीत बसून गाण्यातला खर्ज ऐकू येत नाही म्हणून रोज आवाज वाढवायचे. शेवटी स्पीकर जोडून देणाऱ्याला बोलावलं. तो सकाळीच आला. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, ती वेळ. आवाज मोजताना घरात कुणी बोलू नका, असं त्यानं बजावल्यावर हे हसले. म्हणाले, हिला सांगायला नको.

खुर्चीपाशी डोक्याच्या उंचीवर माइक लागला. स्पीकरमधून एक सूर निघाला, घुमत घुमत वर चढला आणि शिट्टीसारखा बारीक होऊन थांबला. लॅपटॉपवर रेघ उमटली. सुरुवातीलाच खड्डा. खोलीच्या मधोमध खर्ज असा विरतो, तो म्हणाला, आणि कोपऱ्यांत साठतो.

कोपऱ्यांत. मी पलंगाकडे पाहिलं. बोलता तर येत नव्हतं. उठले, माइकचा स्टँड उचलला आणि सासूबाईंच्या उशाशी नेऊन ठेवला. हे "अगं, अगं" करत राहिले. त्या माणसानं मुकाट्यानं तोच सूर पुन्हा लावला.

खड्डा होता तिथे डोंगर उभा राहिला.

हे वाकून रेघ बघून आले. मग आईच्या पलंगावर जाऊन बसले, नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावायला सांगितलं आणि हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"निघाला का रे फोटो माझ्या धडधडीचा?" सासूबाईंनी विचारलं.

यांनी गाणं बंद करवलं. "आई, आपण जागा बदलू. तू मधे, मी कोपऱ्यात."

"ते नंतर. मी जाऊ की राहू, तेवढं सांग."

"राहा," हे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

पलंग आता हॉलच्या मधोमध आहे, येताजाता गुडघ्याला लागतो. त्या दिवशी जप संपला तरी मला बोलावंसं वाटेना. बॅग उघडली आणि घड्या केलेले कपडे पुन्हा कपाटात लावत बसले.